अकरावा डबा

चहा संपला की सर कप उपडा घालायचे आणि गल्ल्यावरच्या माणसाला ओरडून सांगायचे, "आज चार!" भवानी पेठेतल्या त्या हॉटेलात आलेलं नवं गिऱ्हाईक दचकायचं. गल्ल्यावरचा माणूस मात्र खूश व्हायचा, कारण चार म्हणजे चांगला. नऊ ऐकलं की तो दूधवाल्याच्या नावानं खडे फोडायचा. सरांच्या जगात प्रत्येक गोष्टीला एक ते अकरा यांतला एक आकडा होता. एक म्हणजे जीव की प्राण, सहा म्हणजे ना घेणं ना देणं, आणि अकरा म्हणजे तोंड बघवत नाही. शेंगाची चटणी एक. प्राचार्यांचं भाषण आठ. सोलापुरातली एप्रिलची दुपार दहा. मी किती, हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही.

ते आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्टॉपवॉचला किल्ली देणारा आणि पोरांनी काय काय मोडलं ते लिहून ठेवणारा माणूस. नोकरी तात्पुरती, दर जूनला नवा कागद. पोरं सरांना 'पट्टी' म्हणायची, कारण ते सारखे म्हणायचे, "कापड मोजायला पट्टी आहे, मग मन मोजायला का नको?" उंच, थोडे वाकलेले, खिशाला दोन पेनं, सकाळी कपाळावर विभूती, जी दुपारपर्यंत घामानं भुवयांवर उतरलेली असायची. घरची भाषा कानडी. शिकवायचे मराठीत, मोजायचे मात्र कानडीत: ओंदु, एरडु, मूरु. त्यांच्याकडे सायकल होती, पण ते ती कधी चालवायचे नाहीत. हातात धरून घरापासून कॉलेजपर्यंत चालत यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सोबत असते रे, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यांना खरा धाकटा भाऊ होता, अक्कलकोटकडे. तो त्यांच्याशी बोलत नसे.

त्यांच्या खोलीत भिंतीला लागून तुपाचे अकरा रिकामे डबे ओळीनं मांडलेले असायचे, प्रत्येकावर खडूनं आकडा. माणसांना एखाद्या गोष्टीविषयी काय वाटतं, म्हणजे पुस्तकी भाषेत त्यांची अभिवृत्ती, ती मोजायची पट्टी तयार करायची ही रीत होती. लोक त्या गोष्टीबद्दल जे जे बोलतात ते चिठ्ठ्यांवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एक वाक्य. मग चार माणसांना बसवायचं आणि प्रेमाची वाक्यं एककडे, तिरस्काराची अकराकडे अशी वाटून घ्यायची. ज्या वाक्यांवर सगळ्यांचं एकमत होईल तेवढीच ठेवायची. पुस्तकात चिठ्ठ्यांचे गठ्ठे करा असं लिहिलेलं होतं. पण सरांच्या खोलीखाली घरमालकाचे माग चालायचे, त्या हादऱ्यानं गठ्ठे ढासळायचे, चारचं वाक्य सातात जायचं. म्हणून डबे. सगळ्या चिठ्ठ्यांना तुपाचे डाग असायचे आणि सरांचं संशोधन लांबून वासावरून ओळखू यायचं.

माझं गाव अकलूजच्या अंगाला. नोकरीच्या पहिल्या दिवाळीला वडिलांनी सरांसाठी गुळाची एक ढेप पाठवली. आमच्या गुऱ्हाळातल्या ढेपेच्या फडक्यावर डांबरानं खूण केलेली असते, दोन उभ्या रेघा आणि मधे टिंब. बाजारात कितीही ढेपा शेजारी शेजारी लागल्या तरी आपली ओळखू यावी म्हणून आजोबांनी ती पाडली. पाटीवर स्वतःचं नाव लिहायच्या आधी मी ती खूण काढायला शिकलो होतो. सरांनी गूळ थोडा खाल्ला, बराचसा वाटला आणि फडकं धुऊन डब्यांवर झाकण म्हणून टाकलं. "गुळाला एक," म्हणाले. "फडक्यालाही एक."

ते आणीबाणीचं वर्ष होतं. सरांचा पीएच.डी.चा विषय होता गिरणी कामगारांची कुटुंबनियोजनाविषयीची अभिवृत्ती. हा विषय घेऊन त्या वर्षी सोलापुरात फिरणं म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. सर हातात कागद घेऊन चाळीत शिरले की नसबंदीला धरून नेतील म्हणून पुरुष मागच्या दारानं पसार व्हायचे. एकदा एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "सायेब, माजं वय बगा की, मला सोडा." सर त्याच्या शेजारी बसले आणि त्यानं दिलेला चहा पिऊन "दोन" म्हणाले. म्हातारा आणखीच घाबरला. त्याला वाटलं, दोन मुलांचा हिशोब चाललाय.

पण सरांच्या मनातला विषय वेगळाच होता. कॉलेजच्या ग्रंथालयात एक परदेशी मासिक बोटीनं सहा-सहा महिने उशिरा यायचं. ते उघडणारे आख्ख्या कॉलेजात ते एकटेच. त्यात त्यांनी वाचलं, की पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांना आजारी ठरवण्यापेक्षा त्यांचा तिरस्कार करणाऱ्यांना मोजावं, असं तिकडे काही लोक म्हणू लागलेत. सरांनी ते पान मला तीनदा वाचून दाखवलं. "ताप आधी थर्मामीटरमध्ये दिसतो, तम्मा, मग औषध. आजवर थर्मामीटर चुकीच्या माणसाच्या तोंडात धरला होता."

सरांकडे दर रविवारी एक माणूस यायचा. कुंभारीचा, मागावर काम करणारा, बायको आणि दोन मुलं असलेला. तो आला की सर स्वतः भाकरी थापायचे. तो आणि सर एकमेकांचे होते. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं, कारण मीही त्यातलाच होतो. मी कुणाला सांगितलं नव्हतं, सरांना तर नाहीच. घरात माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं आणि मी दर वेळी पोरीचं नाक नापसंत करायचो.

पट्टी करताना पहिला अडसर शब्दाचा आला. पुस्तकातला 'समलिंगी' हा शब्द विकृतींच्या प्रकरणात आजारांच्या रांगेत बसलेला, आणि रस्त्यावरचे सगळे शब्द म्हणजे शिव्या. सर पंधरा दिवस शब्द शोधत होते. शेवटी त्यांनी प्रत्येक चिठ्ठीवर नुसतं 'असा माणूस' लिहिलं. 'असा माणूस माझा मित्र असला तरी चालेल.' 'अशा माणसाच्या हातचं पाणी मी पिणार नाही.' 'असा माणूस शिक्षकाच्या जागेवर असू नये.' मी म्हटलं, "सर, असा म्हणजे कसा, हे लोकांना कळायचं कसं?" सर म्हणाले, "एकानं जरी विचारलं तर मी बदलीन." पुढे कितीतरी जणांनी तो कागद भरला. एकानंही विचारलं नाही.

चिठ्ठ्या वाटायला माणसं कुठून आणणार? सर, मी आणि कुंभारीकर, असे तिघंच बसलो. कुंभारीकराला वाचता येत नव्हतं. सर वाचायचे आणि तो बोटानं डबा दाखवायचा. 'अशा माणसाची मला कीव येते' हे वाक्य मी पाचव्या डब्यात टाकावं म्हटलं. कीव म्हणजे थोडी मायाच की. कुंभारीकरानं सरळ अकरावा डबा दाखवला.

"अरे, शिवी दिलेली वाक्यं अजून यायचीत," सर म्हणाले.

"येऊ द्या की. शिवी देनारा निदान माज्याकडं बगून देतोय. कीव करनारा बगतच न्हाय. त्येला वाटतंय, आपुन मेलोय."

सरांनी ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि अकराव्या डब्यात टाकली. पुस्तकाप्रमाणे, ज्या वाक्यावर एकमत नाही ते काढून टाकायला हवं होतं. सरांनी आयुष्यात मोडलेला तो एकमेव नियम असावा.

कागदावर नाव लिहायचं नाही, पण कोपऱ्यात प्रत्येकानं आपल्या मनाची एक खूण काढायची, असं ठरलं. तीन आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरून घ्यायचा आणि खुणेवरून जोड्या लावायच्या. दोन्ही वेळा उत्तरं सारखी आली तर पट्टी विश्वसनीय. खूण नसलेला कागद सर बघायचेही नाहीत, सरळ फाडायचे. "ज्याला आपली खूणसुद्धा ठेववत नाही त्याचं मत मी कशाला मोजू?" असं म्हणायचे आणि त्यावर कुणाचं काही ऐकून घ्यायचे नाहीत.

आधी कॉलेजातल्या पोरांकडून आणि आम्हा नोकरदारांकडून कागद भरून घेतला. माझ्या डाव्या बाजूला इतिहासाचे मास्तर होते, उजव्या बाजूला ग्रंथपाल. दोघांच्याही नजरा माझ्या कागदावर आहेत असं मला वाटत होतं. मी दणादण फुल्या मारल्या. पाणी पिणार नाही, पूर्ण सहमत. मित्र चालेल, पूर्ण असहमत. सतरावं वाक्य होतं 'असा माणूस शिक्षकाच्या जागेवर असू नये'. त्यावर तर मी पेन इतकं दाबलं की कागद फाटला. कोपऱ्यात हात आपोआप गेला. दोन रेघा, एक टिंब.

नंतर दुसरा गठ्ठा. कुंभारीकरानं आपल्यासारखी माणसं रविवारी एकेक करून खोलीवर आणली. शिंपी, कारकून, एक चादरींचा दलाल, एक पुजारी. प्रत्येक जण खिडकीकडे पाठ करून बसायचा. तीन आठवडे हे चाललं होतं. एका रविवारी सर आणि कुंभारीकर भाजी आणायला गेले आणि मी खोलीत एकटा राहिलो. समोर कोऱ्या कागदांची चळत होती. माझी जागा कोणत्या गठ्ठ्यात आहे हे मला ठाऊक होतंच. मी एक कागद ओढला. मनाशी म्हटलं, आता डावीकडे कुणी नाही, उजवीकडे कुणी नाही, आता खरं लिही.

मी खरं लिहिलं. पाणी पिणार नाही. मित्र चालणार नाही. शिक्षकाच्या जागेवर असू नये. एकही उत्तर बदललं नाही. पहिल्या वेळी मी भीतीनं खोटं लिहिलंय अशी माझी समजूत होती, आणि तिच्या जोरावर तर मी झोपत होतो. ती त्या दुपारी गेली. मी कोपऱ्यात खूण काढली आणि कागद त्या गठ्ठ्यात मधेच सरकवला.

सरांची खात्री होती, की पोरांचा आकडा वर जाईल आणि या माणसांचा खाली येईल. तिरस्कार अज्ञानातून येतो, ज्याला आतून माहीत आहे तो कशाला तिरस्कार करील? हे सिद्ध झालं की पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचा, आणि मग म्हणे एकेक भिंत पडत जाणार. त्यांनी कोट शिवायला टाकला होता. उन्हाळ्यात!

दोन्ही गठ्ठे मोजून झाले तेव्हा मी तिथेच होतो. ओंदु, एरडु म्हणता म्हणता सरांचा आवाज बारीक होत गेला. तिरस्काराचा आकडा दुसऱ्या गठ्ठ्याचा मोठा होता. पोरांनी हसत, उडवत, कुठेही काट मारली होती. या माणसांनी वाक्य न वाक्य वाचून स्वतःला अकराव्या डब्यात टाकलं होतं. कुंभारीकराचा कागद सरांनी स्वतः वाचून भरून घेतला होता. 'अशा माणसाला मुलं होऊ नयेत' यावर तो म्हणाला होता, "पूर्न सहमत लिवा, सर," आणि मग मुलांसाठी घेतलेली बत्तासे-कुरमुऱ्यांची पुडी उचलून घरी गेला होता.

"मला वाटलं होतं आजार बाहेर आहे," सर म्हणाले. "तम्मा, बाहेरच्यांनी नुसतं शिकवलं. तोंडपाठ केलं ते ह्यांनी." मग त्यांनी दोन्ही गठ्ठ्यांतून एकेक कागद काढून शेजारी ठेवला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा एक तर दोन्हीकडे सारखाच. अक्षरशः सारखा. इतका विश्वसनीय माणूस मी पाहिला नाही." मी कॉलेजातून सोबत आणलेल्या स्टॉपवॉचला किल्ली देत होतो. खाली माग चालू होते.

"मग पट्टी झाली ना, सर?" मी विचारलं.

"विश्वसनीयता मिळाली. वैधता राहिली. माणूस कागदावर लिहितो तसाच बाहेर वागतो का, ते बघायचं राहिलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याकडून कोटाचं कापड परत आणलं.

ते बघायला फार दिवस लागले नाहीत. एका पोरानं कोरा कागद घरी नेला, तो त्याच्या वडिलांच्या हाती पडला, आणि वडिलांची ऊठबस संस्थेच्या सचिवांकडे. सरांना सगळे कागद घेऊन प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. मग मला. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. सचिव टेबलावरचा गठ्ठा बोटाच्या टोकानं उलटत होते, जसा काही तो ओला आहे.

"मास्तर, रविवारी तुमच्या खोलीवर कोण येतं?" सचिवांनी विचारलं.

"ज्यांना दुसरीकडे बसता येत नाही ते," सर म्हणाले.

सचिव माझ्याकडे वळले. "तुम्ही तरुण आहात. शेतकऱ्याच्या घरचे, चांगल्या वळणाचे. तुम्ही ह्यांच्याजवळ काम केलंय. भिऊ नका, तुमचं मत सांगा. आपल्याला पुढच्या वर्षी ह्या जागेचाही विचार करायचाय."

मी उत्तर दिलं. माझ्या आवाजात, स्वच्छ, न अडखळता. "असा माणूस शिक्षकाच्या जागेवर असू नये."

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की ते सतरावं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. सरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मी आज बरा असतो. त्यांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं, लिहायला कागद नाही हे लक्षात आल्यावर परत ठेवलं.

राजीनामा त्यांनी तिथेच लिहून दिला. पोलिसांत जाणार नाही, एवढी मेहरबानी सचिवांनी केली. बाहेर व्हरांड्यात मी खांबाला टेकून उभा होतो. सर सायकल हातात धरून माझ्यापाशी थांबले.

"वाईट वाटून घेऊ नको, तम्मा," ते म्हणाले. "वैधता आली. पट्टी चांगली झाली."

ते उपरोधानं बोलले असं कुणी म्हणेल. नाही. त्यांना उपरोध येत नव्हता. ते खरंच माझी समजूत घालत होते. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. पुढच्या जूनला मी त्यांच्या जागेवर कायम झालो आणि त्याच वर्षी एका पोरीचं नाक पसंत केलं.

दोन वर्षांनी कुंभारीकर कॉलेजच्या फाटकाशी आला. आत यायला तयार नव्हता. हातात एक गाठोडं होतं.

"सर गेले," तो म्हणाला. "कावीळ झाली हुती. भावाच्या गावाला हुते. मला बाराव्याच्या बी नंतर कळलं."

"तुम्ही गेला नाहीत?"

"कोन म्हनून जाऊ?" त्याला रडू येत नव्हतं. नुसती मान हलत होती. "ह्ये त्यांनी सोलापूर सोडताना माज्यापाशी दिल्यालं. मी गेलो की त्येला दे, म्हनले. जित्तेपनी देऊ नगं, त्येला लई लाज वाटंल."

मी फाटकातच गाठोडं सोडलं. आमच्या ढेपेचं फडकं होतं. डांबराच्या दोन रेघा, मधे टिंब. ते फडकं त्यांच्या डब्यांवर मी रोज बघत होतो आणि तरी ती खूण दोन्ही कागदांवर काढली होती. आत माझे दोन कागद होते, एक पहिल्या गठ्ठ्यातला, एक दुसऱ्यातला. प्राचार्यांकडे गठ्ठे द्यायच्या आधी सरांनी ते काढून घेतले होते. एकच खूण दोन्हीकडे कुणाला दिसू नये म्हणून. म्हणजे त्या खोलीत मी बोललो तेव्हा मी कोण आहे हे त्यांना माहीत होतं, आणि मला वाचवून मगच ते त्या खुर्चीत बसले होते.

"सरांनी मला वाचून दावलं हुतं तुमचं," कुंभारीकर म्हणाला. "म्हनायचे, पोरगं वाईट न्हाय. आपल्यासारकंच शिकवल्यालं हाय."

त्या दोन कागदांखाली तिसरा एक होता, कोरा. वर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सवडीनं.'

त्यानंतर तीसेक वर्षं मी त्या कॉलेजात अभिवृत्तीमापन शिकवलं. उदाहरण कुटुंबनियोजनाचं द्यायचो. डबे वापरले नाहीत, गठ्ठेच केले. पोरांनी मला काही नाव ठेवलं नाही, नाव ठेवावं असं माझ्यात काही नव्हतंच. बायको चांगली होती. तिला माझ्याकडून काय मिळालं, ते विचारायला ती आता नाही.

गेल्या वर्षी, ती गेल्यानंतर, एका दुपारी मी कपाटातून ते फडकं काढलं आणि तो कोरा कागद भरायला बसलो. कागद पिवळा पडलाय, तुपाचा वास मात्र अजून आहे. पाणी पिईन. मित्र चालेल. सतराव्या वाक्याशी थांबलो. चष्मा पुसला. पूर्ण असहमत. सगळं मोजलं, ओंदु, एरडु करत. दोन आला. सर असते तर त्यांनी हॉटेलात ओरडून सांगितलं असतं.

मग कोपऱ्यात खूण काढायची राहिली. दोन रेघा आणि एक टिंब, एवढंच. पेन कोपऱ्यावर टेकवून मी बसून राहिलो. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं, भिंतीवरून उतरलं. हात हलला नाही.

खूण नसलेला कागद सर मोजत नसत. मी तो तसाच फडक्यात गुंडाळला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. घरात मी एकटाच राहतो.